समुद्रात नवा जीव सापडतो, तेव्हा जहाजावर नेमकं काय घडतं?

खान्देशाला समुद्र नाही, हे आपण चौथीच्या भूगोलापासून पाठ केलेलं आहे. तरी नंदुरबार, नवापूर, साक्रीच्या आठवडे बाजारात सुकट आणि बोंबलाचे ढीग मांडलेले असतातच. त्यातला बोंबील घ्या. शास्त्रज्ञ त्याला माशांच्या ज्या गणात ठेवतात, त्याच गणात ट्रायपॉड नावाचा एक मासा आहे. हा मासा हजारो मीटर खोल, मिट्ट अंधारात राहतो. तळाच्या चिखलावर तो आपल्या परांच्या तीन लांबलचक काट्यांवर उभा राहतो, प्रवाहाकडे तोंड करतो आणि पाण्याबरोबर वाहत येणाऱ्या बारीक जीवांची वाट पाहतो. डोळे जवळपास निकामी असतात, त्यामुळे पुढचे पर पसरून स्पर्शानेच भक्ष्य ओळखतो. कांदा-लसणात परतलेल्या बोंबलाचा हा लांबचा नातेवाईक आहे, हे कुणी आणि कसं ठरवलं?

मी प्राणिशास्त्र शिकवतो. पोरं विचारतात, “सर, समुद्र कितला खोल शे?” याचं उत्तर सोपं आहे. सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर, आणि सगळ्यात खोल जागा जवळपास ११ किलोमीटर. पुढचा प्रश्न येतो, “मंग तठे कोन ऱ्हास?” आणि इथे मात्र जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला पूर्ण उत्तर देता येत नाही. आजवर नाव देऊन नोंदवलेल्या सागरी प्रजाती साधारण अडीच लाखांच्या घरात आहेत. अजून नाव न मिळालेल्या याहून कितीतरी जास्त असाव्यात, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात.

पेपरात बातमी येते, ‘संशोधन जहाजाला नवी प्रजाती सापडली.’ वाचणाऱ्याला वाटतं, जाळं वर आलं, शास्त्रज्ञाने प्राणी उचलला आणि ओरडला, नवा आहे! तसं होत नाही. जाळं वर येणं ही फार लांबलचक कामाची सुरुवात असते. ते काम जहाजावर कसं चालतं आणि जहाज बंदराला लागल्यावर पुढे किती वर्षं चालतं, हे कळल्याशिवाय त्या एका ओळीच्या बातमीचं मोल समजत नाही.

खोलवर काही नाही, असं वाटण्याचा काळ

एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. जसजसं खोल जावं तसतसे जीव कमी होत गेले, म्हणून सुमारे ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी असा अंदाज त्याने मांडला. अनुमान तर्काला धरून होतं, पण त्याची खरवडणी लहान तोंडाची, बारीक छिद्रांची होती आणि तो समुद्रच मुळात अन्नाने गरीब होता. समुद्राच्या अभ्यासात हे सतत लक्षात ठेवावं लागतं. आपल्याला काय दिसतं हे हत्यार कुठलं आणि जागा कुठली यावर ठरतं.

डिसेंबर १८७२ मध्ये ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगाच्या समुद्रांवर निघालं आणि मे १८७६ मध्ये परतलं. विज्ञानाला ठाऊक नसलेल्या सुमारे ४,७०० प्रजाती या सफरीतून पुढे आल्या. प्रवास साडेतीन वर्षांचा, पण अहवालाचे ५० खंड छापून पुरे व्हायला १८९५ साल उजाडलं. म्हणजे समुद्रावर साडेतीन वर्षं आणि टेबलावर जवळपास दोन दशकं.

आपल्या समुद्रावर १८८० च्या दशकात ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज फिरत होतं. त्यावर १८८८ पासून आल्फ्रेड अल्कॉक हे डॉक्टर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून होते, आणि बंगालचा उपसागर व अरबी समुद्रातल्या खोल पाण्यातल्या कितीतरी माशांची आणि खेकड्यांची पहिली वर्णनं त्यांनी केली. स्वतंत्र भारतात १९६६ मध्ये गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ‘गवेषणी’ १९७६ मध्ये आलं, मग ‘सागर कन्या’, १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेलं ‘सागर संपदा’, आणि २०१४ मध्ये ‘सिंधू साधना’. यातलं ‘सागर संपदा’ मासे आणि सागरी जीवांच्या अभ्यासासाठीच बांधलेलं आहे.

स्टेशन लागलं की झोप विसरायची

जहाज कुठेही थांबून जाळं टाकत नाही. निघण्याआधीच नकाशावर अक्षांश-रेखांशाचे बिंदू ठरलेले असतात, त्यांना स्टेशन म्हणतात. स्टेशन रात्री अडीचला लागो की जेवणाच्या वेळी, काम त्याच क्षणी सुरू होतं, कारण असं जहाज एक दिवस समुद्रात ठेवायचा खर्च लाखांत जातो. म्हणून सगळे पाळ्यांमध्ये विभागलेले असतात. एक गट झोपतो तेव्हा दुसरा डेकवर असतो.

आधी पाण्यात जातं सीटीडी नावाचं यंत्र. ते पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजत खाली उतरतं. त्याच्याभोवती गोलाकार बाटल्या लावलेल्या असतात. जाताना त्या उघड्या असतात आणि वर येताना हव्या त्या खोलीवर प्रयोगशाळेतून बटण दाबून एकेक बंद करतात. हे यंत्र ज्या तारेला टांगलेलं असतं, ती तार सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने सुटते. चार हजार मीटर खाली जायला तासाहून जास्त, वर यायला तेवढाच वेळ. या दोन-अडीच तासांत विंच, म्हणजे तार सोडणारं-गुंडाळणारं यंत्र, चालवणाऱ्या माणसाची नजर तारेच्या ताणावरून हलत नाही. तार तुटली तर यंत्र आणि त्यासोबत मोहिमेचा निम्मा हेतू तळाला जातो.

नुसत्या पाण्याच्या बाटलीत कसली आली जैवविविधता, असं वाटेल. पण १९८० च्या दशकात पेशी मोजणारं एक यंत्र जहाजावर नेलं, तेव्हा पाण्यात इतके बारीक हिरवे ठिपके दिसले की सुरुवातीला तो यंत्राचा दोष वाटला. ते प्रोक्लोरोकॉकस नावाचे जीवाणू निघाले, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. प्रकाशसंश्लेषण करणारा पृथ्वीवरचा सर्वांत जास्त संख्येचा जीव हाच. १९८८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर जवळपास वीस वर्षांनी.

पाण्यानंतर जाळी. मल्टिनेट नावाच्या जाळ्यांची तोंडं ठरलेल्या खोलीवर उघडतात आणि मिटतात, त्यामुळे कुठला जीव कुठल्या थरातला हे नक्की सांगता येतं. साधं जाळं वर ओढलं तर वाटेतले सगळे थर एकत्र होऊन खिचडी होते. तळाचा नमुना घ्यायला बॉक्स कोअरर नावाची पेटी सोडतात. ती चिखलात रुतते आणि साधारण अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा जसाच्या तसा कापून आणते. तळावर ट्रॉल जाळं ओढायचं तर खोलीच्या दुपटीहून जास्त तार सोडावी लागते आणि एका फेरीत अख्खा दिवस जाऊ शकतो. कधी ते फाटून येतं, कधी नुसता चिखल घेऊन येतं.

चिठ्ठी

नमुना डेकवर आला की घाई सुरू होते. हा जीव दोन ते चार अंश तापमानातून वर आलेला असतो आणि आपल्याकडच्या समुद्राचं वरचं पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं. म्हणून बर्फाने गार केलेल्या समुद्राच्या पाण्याच्या बादल्या आधीच तयार ठेवतात. चिखल गार पाण्याच्या हलक्या धारेखाली, साधारण ०.३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात. धार जोरात सोडली तर नाजूक कृमींचे तुकडे होतात. हे काम तासन्‌तास चालतं, ओल्या डेकवर, वाकून.

मग फोटो. प्राणी ताजा असतानाच काढायचे, कारण अल्कोहोलमध्ये गेल्यावर लाल, जांभळे, केशरी रंग उडून सगळं पांढुरकं होतं. त्यानंतर शरीराचा एक छोटा तुकडा कापून इथेनॉलमध्ये ठेवायचा, डीएनएसाठी. उरलेला प्राणी बहुधा फॉर्मलिनमध्ये. फॉर्मलिन शरीराचा आकार धरून ठेवतं पण डीएनए बिघडवतं. इथेनॉलमध्ये डीएनए टिकतो, पण शरीर आकसतं. दोन्ही हवं असेल तर क्रम चुकवून चालत नाही.

आणि प्रत्येक बरणीत एक चिठ्ठी. स्टेशन क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, कुठलं जाळं, कशात ठेवलं. पाण्यात न विरघळणाऱ्या जाड कागदावर, पेन्सिलीने, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी पाच-दहा वर्षांत सुटून पडते आणि मग आतला प्राणी कुठला, हे सांगणारं कुणी उरत नाही. माझ्या मते त्या जहाजावरची सर्वांत मोलाची वस्तू ही चिठ्ठीच आहे. चिठ्ठी नसलेला दुर्मिळ प्राणी विज्ञानाच्या उपयोगाचा नाही. साधासा किडा मात्र चिठ्ठीसकट शंभर वर्षांनीही बोलतो.

तयारी नसली की काय होतं, हे १९७७ मध्ये दिसलं. ‘अल्विन’ ही पाणबुडी गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर गरम पाण्याचे झरे शोधत होती. जहाजावर भूशास्त्रज्ञ होते, रसायनतज्ज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, कारण तिथे जीव असतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. खाली दिसले मोठमोठे शिंपले, खेकडे आणि लाल तुऱ्यांचे नळीवजा कृमी. ते ठेवायला जहाजावर थोडंसं फॉर्मलिन आणि रशियन व्होडका एवढंच होतं, आणि त्यावरच भागवलं. पुढे कळलं की त्या कृमींना तोंडही नाही आणि आतडंही नाही. त्यांच्या शरीरात राहणारे जीवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतात आणि कृमीला पोसतात. सूर्यप्रकाशावर न चालणारी जीवसृष्टी माणसाने पहिल्यांदा पाहिली ती तिथे.

जहाजावरचं रोजचं जगणं याच कामाभोवती बांधलेलं असतं. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना समुद्र लागतो. सूक्ष्मदर्शकात पाहिलं की मळमळ वाढते, तरी पाहावंच लागतं. टेबलावरची प्रत्येक वस्तू दोरीने किंवा पट्ट्याने बांधलेली. गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यापासून बनवलेलं, म्हणून जपून वापरायचं. पालेभाज्या पहिल्या आठवड्यात संपतात, मग बटाटा, कांदा आणि डाळी. आपल्याकडचं पोर असेल तर त्याच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा निघणारच, आणि दोन जेवणांत सगळ्या मेसमध्ये वाटूनही होणार. मोबाइलची रेंज किनारा दिसेनासा होण्याच्या आतच जाते.

अरबी समुद्राचं गुदमरणं आणि आपला मृगाचा पाऊस

खान्देशातल्या माणसाने अरबी समुद्राची एक गोष्ट नक्की समजून घ्यावी, कारण तिचा धागा आपल्या पेरणीपर्यंत येतो. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून जे वारे आपल्याकडे पाऊस घेऊन येतात, तेच वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ वरचं पाणी बाजूला लोटतात. त्याची जागा घ्यायला खालचं गार, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, प्रचंड वाढतात. ते मरून खाली बसू लागले की जीवाणू त्यांना कुजवतात आणि त्यात पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो. इतर महासागरांत उत्तरेकडून गार, ऑक्सिजन भरलेलं पाणी येऊन ही तूट भरते. अरबी समुद्राच्या उत्तरेला मात्र जमीन आहे, वाट बंद. परिणामी साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या पाण्यात ऑक्सिजन नावापुरताच उरतो.

अशा पाण्यात काहीच जगू नये. पण सीटीडी हा थर दाखवत असतानाच ध्वनिलहरी सोडून खोली मोजणारं यंत्र तिथे दाट जिवंत थर दाखवतं. हे दीपमासे आहेत, बोटभर लांबीचे, अंगावर प्रकाश देणारे ठिपके असलेले. दिवसा ते या गुदमरलेल्या थरात लपतात, कारण त्यांना खाणारे मोठे मासे तिथे फार वेळ थांबू शकत नाहीत. सूर्य मावळला की सगळे वर येतात, प्लवक खातात, पहाटे पुन्हा खाली जातात. १९४० च्या दशकात, युद्धाच्या काळात, हा थर सोनार या ध्वनियंत्रावर तळासारखा दिसे आणि तो ‘तळ’ रात्री वर सरके, म्हणून सगळे चक्रावले होते. जगातल्या सगळ्या समुद्रांत हे रोज घडतं आणि वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवरचं प्राण्यांचं सर्वांत मोठं स्थलांतर हेच आहे. जहाजावर संध्याकाळी पडद्यासमोर बसलं की तो थर वर चढताना डोळ्यांनी दिसतो. याच वेळेला मल्टिनेट टाकतात आणि पहाटे पुन्हा टाकतात. दोन्हींची तुलना केली की कोण किती वर आलं ते कळतं.

हिवाळ्यात याच समुद्रात नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव कधी कधी मैलोन्‌मैल पसरतो. दिवसा पाणी हिरवं आणि रात्री लाट फुटली की निळसर उजेड. त्याच्या एका पेशीत हजारो सूक्ष्म हिरवे शैवाल राहत असतात, म्हणून तो शिकारही करतो आणि शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणावरही जगतो.

सापडला २००१ मध्ये, नाव मिळालं २०१५ मध्ये

आता मूळ मुद्दा. २००१ मध्ये हिंदी महासागराच्या मध्यभागी ‘कैरेई’ नावाच्या गरम झऱ्यांजवळ एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले होते आणि त्या खवल्यांवर लोह-सल्फाइडचा थर. शरीरावर लोखंडाचं असं चिलखत बाळगणारा दुसरा प्राणी माहीत नाही. जगभर गाजावाजा झाला, शोधनिबंध निघाले, पण तिला रीतसर शास्त्रीय नाव मिळालं २०१५ मध्ये. मधली चौदा वर्षं ती नुसती ‘खवल्या-पायाची गोगलगाय’ होती.

इतका वेळ कशाला? कारण ‘नवी’ म्हणायचं तर तिच्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांशी ताडून पाहावं लागतं, आणि त्यांचे मूळ नमुने वेगवेगळ्या देशांच्या संग्रहालयांत असतात. शरीराची आतली रचना तपासायची, डीएनएचा ठरावीक भाग वाचून जुळवायचा. एकच नमुना असेल तर तो प्रजातीचा खास गुण की त्या एका प्राण्याचं व्यंग, हे ठरवता येत नाही, म्हणून आणखी नमुन्यांसाठी पुन्हा मोहीम. याच गोगलगायीच्या एका वेगळ्या वस्तीत खवल्यांवर लोखंड नाहीच, हे असंच पुढच्या मोहिमेत कळलं. मग एक नमुना होलोटाइप म्हणून निवडायचा, म्हणजे पुढे कधीही वाद झाला तर ज्याच्याकडे पाहून निवाडा होईल असा. तो संग्रहालयात जमा करायचा, वर्णन छापायचं. तेव्हा कुठे नाव लागू होतं.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, पहिला नमुना गोळा होण्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. जहाजं कमी आहेत हे एक कारण. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते वर्गीकरणतज्ज्ञांची टंचाई. एखाद्या कृमींच्या कुळाचे जाणकार अख्ख्या जगात मोजके असतात आणि ते निवृत्त झाले की बरण्या फडताळात तशाच राहतात. डीएनए वाचणारी यंत्रं आली म्हणून हे काम संपलं, असं अनेकांना वाटतं. ‘तारा’ या शिडाच्या जहाजाने २००९ ते २०१३ या काळात जगभरातून सुमारे ३५,००० नमुने आणले आणि त्यांतून कोट्यवधी जनुकं वाचली गेली. त्यातली बरीचशी कुणाची, हे सांगता येत नाही, कारण ताडून पाहायला नाव आणि चिठ्ठी असलेला प्राणीच संग्रहात नाही.

आणि वेळ फार नाही. त्या गोगलगायीला २०१९ मध्ये धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदवावं लागलं. खोल समुद्रातल्या संभाव्य खाणकामामुळे अशी नोंद झालेला तो पहिला जीव. भारताकडेही मध्य हिंदी महासागरात धातूंच्या गोळ्यांच्या शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. उलट बाजूला हे पाहा: खोल समुद्राच्या तळाचा किती भाग माणसाने डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने प्रत्यक्ष पाहिला, याचा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो भरतो सुमारे ३,८०० चौरस किलोमीटर. आपला एकटा नंदुरबार जिल्हा त्याहून मोठा आहे. एवढ्याशा पाहणीवर तिथे काय गमवायला चालेल हे ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तिघांना ६,००० मीटर खाली नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तिचाच भाग. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ‘सागर निधी’ जहाजावरून हिंदी महासागरातल्या सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या जिवंत गरम झऱ्याचं छायाचित्रही मिळवलं. याचा आनंद आहेच. पण पाणबुडीला जसा पैसा मिळतो, तसा वीस वर्षं एकाच कुळाच्या कोळंब्या तपासत बसणाऱ्या माणसाच्या पगारालाही मिळायला हवा.

आमच्याकडची मुलं विचारतात की या कामात शिरायचं कसं. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातली बी.एस्सी. जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा कुठूनही करता येते. पुढे गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था, कोचीचं सागरी सजीव संसाधन केंद्र ही ठिकाणं आहेत. जहाजाला इलेक्ट्रॉनिक्सवाले लागतात, विंच सांभाळणारे मेकॅनिक लागतात, संगणकावर आकडे लावणारे लागतात. आणि वर्गीकरणाचा हात बसवायला समुद्राची वाट पाहायची गरज नाही. प्रकाशाला किंवा मुडावदला तापीकाठी भोई बांधवांकडून एक मासा घ्या. त्याच्या पाठीवरच्या परातले काटे मोजा, बाजूच्या रेषेवरचे खवले मोजा, मिशा आहेत का पाहा, फोटो काढा. मग पेन्सिलीने चिठ्ठी लिहा: तारीख, गाव, नदीचा कुठला काठ, पाण्याची खोली, कुठल्या जाळ्यात आला. दुसरा मासा घ्या आणि पुन्हा मोजा.